पंचविसाव्या वर्षाची मुदत

आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असे. मुलगी शिकते तोवर जर्मनीत आईबापांना ज्या सवलती मिळतात, त्यांच्या मर्यादा मी त्यावर लिहून ठेवल्या होत्या. किंडरगेल्ड म्हणजे मुलामागे दरमहा मिळणारी रक्कम, करातली सूट, आणि माझ्याच विम्यात तिचा फुकट समावेश. दर सत्राला तिचा विद्यापीठाचा दाखला आला की मी त्याची प्रत पाठवायचो आणि कागदावर खूण करायचो. एकदा मुदत चुकून तोंड पोळलं होतं, तेव्हापासून ताकही फुंकून प्यायचो. बायको म्हणायची, "अहो, देवासमोर उभे राहत नाही इतका वेळ त्या दारासमोर असता." खरंच होतं ते.

कागदाच्या तळाशी लाल शाईने शेवटची मर्यादा लिहिली होती, पंचविसावं वर्ष. तिथे सगळंच संपत होतं.

मुलगी आखनला आर्किटेक्चर शिकत होती. पदवी झाली होती, मास्टर्सची दोन सत्रं उरली होती. त्याच हिवाळ्यात डार्मश्टाटमधल्या माझ्या कंपनीने आमचे कामाचे तास कमी केले आणि पगारही. मी घरात कुणाला धड सांगितलं नाही. "काम जरा हलकं झालंय," एवढंच. नाताळात मुलगी आली तेव्हा मात्र तिला त्या दारासमोर उभं करून लाल ओळ दाखवली.

"फेब्रुवारीत तुला पंचविसावं लागतंय. मग हे सगळं बंद. पुढचं तू बघ काहीतरी."

तिने कागद वरून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "ओके, बाबा."

फेब्रुवारीत ती चोवीस वर्षांची झाली. पुण्याहून माझ्या आईचा फोन आला, "पंचविसावं लागलं हो नातीला." आमच्यात वय असंच मोजतात, वाढदिवस झाला की पुढचं वर्ष लागतं. मार्चचीही रक्कम जमा झाली, तेव्हा सरकारचा कारभार ढिला आहे असं मी समजलो आणि परत मागतील म्हणून ती बाजूला ठेवली. त्याच महिन्याच्या अखेरीस मुलीने कळवलं, विद्यापीठातून नाव काढलं, स्वयंपाकघराचं फर्निचर विकणाऱ्या एका दुकानात पूर्णवेळ नोकरी धरली. "शिकायचा कंटाळा आला," म्हणाली. मी भडकलो. इतकी वर्षं मरमर केली ती तुझ्या कंटाळ्यासाठी का, असं तोंडाला येईल ते बोललो. तिने ऐकून घेतलं.

जुलैत किंडरगेल्डच्या कार्यालयाचं पत्र आलं. मुलीचा नवा दाखला पोचलेला नाही. शिक्षण चालू असल्यास पुढच्या फेब्रुवारीत तिला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत रक्कम मिळू शकते, तरी दाखला त्वरित पाठवावा. मी तीनदा वाचलं. मग मूळ नियम काढून बघितला. चूक माझीच होती. पंचविसाचा आकडा दिसल्यावर मी पुढचं वाचलंच नव्हतं, आईसारखं मोजून मोकळा झालो होतो. पोरीच्या हातातलं अख्खं वर्ष मी काढून घेतलं होतं. बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून कितीतरी वेळ खाली जिन्यावरच बसून राहिलो.

शनिवारी आखनला गेलो. तिच्या खोलीत खिडकीशी पुठ्ठ्याचं अर्धवट मॉडेल तसंच होतं, एका वाचनालयाचं, छताशिवाय. मी पत्र तिच्यापुढे धरलं.

"माझं चुकलं. मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे."

तिने पत्र नीट वाचलंही नाही. "मला माहीत होतं," म्हणाली.

दहा वर्षांची असल्यापासून घरी येणारी सरकारी पत्रं तीच आम्हाला समजावून द्यायची. हे मला तेव्हा आठवलं.

"मग बोलली का नाहीस?"

ती भराभर जर्मनमध्ये काही बोलली, थांबली, आणि शब्द शोधत मराठीत म्हणाली, "तू असल्या गोष्टीत कधी चुकत नाहीस, बाबा. मला वाटलं, तुला झेपत नाहीये आणि सांगता येत नाहीये. म्हणून तू एक वर्ष कमी सांगितलंस. मग मी पण काही नाही बोलले."

मला रडू आवरलं नाही. तिने पाणी आणून दिलं आणि माझं होईपर्यंत त्या मॉडेलशी चाळा करत उभी राहिली. ऑक्टोबरपासून पुन्हा नाव घालता येतं, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं. कंटाळा वगैरे काही नव्हता.

"पण फेब्रुवारीनंतर?" तिने विचारलं. "झेपेल तुला?"

या प्रश्नाला आयुष्यभर माझं एकच उत्तर होतं. होईल सगळं, तू काळजी करू नकोस.

"नाही झेपणार," मी म्हणालो. "माझा पगार निम्म्यावर आलाय. तरी तू परत जा."

ती येऊन माझ्या शेजारी पलंगावर बसली. "मग आधी मला सगळं सांग," म्हणाली. मी सांगायला लागलो.