कोटात अडकलेला माणूस

दवाखान्यात समोरच्या आजोबांचं डोकं स्वेटर घालताना बाहीत अडकलं आणि मला लहानपणी टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात यायचा तो विनोदी माणूस आठवला. तो दर वेळी स्वतःच्या कोटात अडकायचा आणि आतूनच कोटाशी भांडायचा. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते आज सांगता येणार नाही; पण आम्ही बहीणभाऊ पोट धरून हसायचो.

शेजारी दादा बसला होता. हल्ली तो फार विसरतो, म्हणून त्याला तपासायला आणलं होतं. मी भीतभीतच विचारलं, "दादा, तो कोटवाला आठवतो?"

"तू कुठे पाहिलास तो?" दादा म्हणाला. "शेजारच्या काकूंच्या खिडकीतून बघायचो. तुझी उंची पुरायची नाही. मी बघून तुला सांगायचो."

खरंच की. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दादाने सांगितलेला माणूस. त्याला आठवतंय म्हणून बरं वाटलं आणि लगेच मनात आलं, असं आणखी किती काही मी त्याच्याच डोळ्यांनी पाहिलं असेल?

नर्सने दादाचं नाव पुकारलं. दुसऱ्याच कोणाला बोलावल्यासारखा तो बसून राहिला.

"आपल्यालाच बोलावलंय," मी म्हटलं आणि त्याचा हात धरून उठले.