माझ्या पोटावर जावेचा हात

ठाण्याकडच्या आमच्या वळ गावात मी चाळीस वर्षं लोकांची पोटं चोळत आले. बेंबी सरकली की बायका माझ्याकडे येतात. उताणं झोपवायचं, कोमट तेल लावायचं, बेंबीपाशी चार बोटं दाबून ठोका कुठे लागतो ते बघायचं. ठोका मधोमध आला की काम झालं. शाळा चौथीपर्यंतच, हे मात्र सासूकडून नीट शिकले.

गावात गोदामं उभी राहायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. मला शौचातून रक्त जाऊ लागलं. मुलाने ठाण्याला नेलं. आदल्या दिवशी पोट साफ व्हायचं औषध पाजलं. त्या त्रासापुढे शौचाच्या वाटेने नळी घालून केलेली तपासणी काहीच वाटली नाही. मोठ्या आतड्यात उजवीकडे एक गाठ निघाली. ती तापलेल्या तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढली.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "क्वचित त्रास होतो. पोट दुखत राहिलं, ताप आला, रक्त गेलं किंवा पोट कडक झालं, तर लगेच यायचं."

रिक्षात मुलगा म्हणाला, "क्वचित म्हंजे होत न्हाय, आई."

"क्वचित म्हंजे कोणाला तरी होतोच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला दुखायला लागलं. अंगात तापाची कसरही होती. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, तरी मी मनाशी ठरवलं, बेंबी सरकली. इतक्या वर्षांची सवय. स्वतःचं पोट स्वतःला चोळता येत नाही, म्हणून धाकट्या जावेला बोलावलं. तिला मीच शिकवलेलं. ती तेलाची वाटी घेऊन हसतच आली.

"सगल्या गावाच्या बेंब्या बसवतेस नि तुजीच सरकली गो!"

"तोंड कमी चालव, हात चालव."

तिने तेल लावलं. ती दाबणार, तेवढ्यात सवयीने मीच आधी चार बोटं टेकवली. पोट फळीसारखं लागलं. हात उचलला तर कळ जास्तच आली. सासूचा नियम होता, फळी लागली की चोळायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. अशा कितीतरी बायकांना मी दारातून परत पाठवलंय. स्वतःसाठी मात्र तेल मागवून बसले होते.

"हात काढ," मी म्हटलं.

"दोन हात मारू दे, सुटल."

"काढ म्हंते ना! फळी हाय."

तिने स्वतः बोटं लावून पाहिली आणि तिचं हसू गेलं. तेलाची वाटी तशीच टाकून ती माझ्या मुलाला हाका मारत बाहेर धावली.

ठाण्याला पोटाचे फोटो काढले. आतड्याला भोक पडलेलं नव्हतं. गाठ काढली तिथे आतून जास्त भाजलं होतं, त्याची सूज होती. डॉक्टरांनी पोट तपासलं, मग तेलकट बोटं कापसाला पुसत विचारलं, "आजी, चोळलंत का?"

"तेलच लागलं. चोळलं नाही."

"थोडक्यात वाचलात. चोळलं असतं तर तिथे फुटलंही असतं."

चार दिवस सलाइन, इंजेक्शनं, तोंडात काही नाही. मग पेज दिली. गाठ तपासायला पाठवली होती, ती साधी निघाली. घरी आले तेव्हा जावेने मला पंधरा दिवस हंडा उचलू दिला नाही. मीही हट्ट केला नाही. बसून खायला काय वाईट असतं?

पुढे जवळच्या शहरातल्या निजामपुऱ्यातून एका लूमवाल्याची, म्हणजे कापडाचे माग चालवणाऱ्याची, बायको आली. चटईवर आडवी होत म्हणाली, "मौसी, नाभी खिसक गई."

"पहिले बोल, दवाखाने में नली डाला क्या? बुखार है?"

"नहीं मौसी. तुम कब से डॉक्टर हो गई?"

जाऊ फिदीफिदी हसली. मी त्या बाईचं पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. मऊ होतं. मग जावेला म्हटलं, "हसतेस काय? तेल तापव."