आक्का शेजारी बसायच्या

सकाळी म्हसळ्याहून फोन आला, ‘आक्का गेल्या.’ डोळ्यांत पाणी येण्याआधी मनात आलं, आता आमच्या ह्यांना जेवायला कोण घालणार? आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. माणूस गेलं की हेवाही जातो म्हणतात... महिना उलटला, माझा काही गेला नाही.

सत्तरी ओलांडल्यावर ह्यांची बायपास झाली. काशीदला घरी आणलं तेव्हा छातीवरची जखम सुकत होती, पण माणूसही वाळत चालला होता. आमच्याकडे आजारी म्हटलं की पेज. मीही तीच देत होते, वर अळणी. डॉक्टर म्हणाले, ‘मीठ कमी करा म्हटलं होतं, जेवण नव्हे. जखम भरायला अंगात काही जायला नको?’ मग मी मऊ भात केला, डाळी केल्या, अंडी उकडली. हे दोन घास चिवडायचे आणि ताट सारायचे.

आक्का आल्या त्या मुडदुशे घेऊनच. आजाऱ्याला हलकी पडणारी मासळी ती, मला काय ठाऊक नव्हती? कोकम घालून त्यांनी कालवण केलं, मीठ नावाला. मी चाखून बघितलं, माझ्याहून काही वेगळं नव्हतं! पण हे पुन्हा मागून जेवले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उभा जन्म ह्यांना वाढत आले मी, आणि गुण यावा बहिणीच्या हाताला?

मग मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. आक्का ह्यांना वाढायच्या आणि स्वतःचंही ताट घेऊन शेजारी बसायच्या. आमच्या घरात पुरुषमाणसांचं आटोपल्याशिवाय बायका जेवत नाहीत. मी वाढून उभी असायची, ह्यांच्या तोंडाकडे बघत.

‘सुमन, अशी डोक्यावर उभी राहू नको गो,’ आक्का म्हणाल्या. ‘त्याला घास गिळवत न्हाय. तू पन बस.’

मी बसले नाही. त्यांनी मला शिकवावं, हेच मला खपत नव्हतं. हे मात्र हळूहळू उठले, वाडीत फिरायला लागले. आक्का येत-जात राहिल्या.

त्यांचं बारावं झालं तरी ह्यांचं जेवणावर मन येईना. गालफडं पुन्हा बसली. मला धडकीच भरली. एके दिवशी ह्यांना वाढलं आणि माझंही ताट घेऊन समोर बसले. नव्या नवरीसारखी लाज वाटली.

ह्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली. ‘तिथं न्हाय,’ म्हणाले, ‘हितं बस. आक्का बसायची तिथं.’

मी सरकले. ह्यांनी घास घेतला... मग दुसरा.

आता रोज तिथंच बसते. हे जेवतात. आणि आक्का, तुमच्याच जागेवर बसून मी अजून तुमच्यावर जळते हो.