लाल पाठीचे दोन कोळी

सूड घेतला, हो. आणि घेताना मजाही आली, उगाच साळसूदपणा कशाला?

तो माझा हाऊसमेट, पुण्यापासूनचा मित्र. मेलबर्नला क्लेटन भागात युनिव्हर्सिटीजवळच्या घरात आम्ही एकत्र राहायचो. मला नाद अमेरिकेतल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा. तिकडची माणसं अंगणातले फोटो पाठवायची, मी सोफ्यावर बसून जात ओळखून द्यायचे. काळं अंग आणि लाल पाठ असलेले दोन कोळी तर फोटोत इतके सारखे दिसतात, की आधी विचारावंच लागतं, 'सापडला कुठे?' एक अमेरिकेच्या पूर्वेला राहतो, दुसरा पश्चिमेला. दोन वर्षं खपून मी वहीत असा सगळ्यांचा तक्ता केला.

त्याने तो नकाशावर रंगवला, ऑनलाइन टाकला आणि खाली फक्त स्वतःचं नाव घातलं. त्याच्या जोरावर युनित ट्यूटरची नोकरीही पटकावली. मी भांडायला गेले तर म्हणतो, "चिल यार! आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दिवशी मला चूक दिसली. माझ्या वहीत मी 'अलीकडचा किनारा', 'पलीकडचा किनारा' असं लिहिलं होतं. मेलबर्नहून पॅसिफिक ओलांडला की आधी कॅलिफोर्निया लागतो, तो माझा अलीकडचा. याच्या डोक्यात मात्र अजून शाळेच्या भिंतीवरचा नकाशा! त्यात भारतातून डावीकडे गेलं की आधी न्यूयॉर्क. पठ्ठ्याने दोन्ही लाल पाठवाल्यांचे प्रदेश उलटे रंगवले होते. मी पाच महिने गप्प बसले.

मग युनित त्या तक्त्यावर त्याचं भाषण आलं. पुढच्या रांगेत त्याची बॉस. मी हात वर केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, हा कोळी न्यूयॉर्कचा कधीपासून झाला? मग मी वही काढली आणि सगळ्यांना दाखवली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बरं झालं मेल्याचं!

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आधी बोलली असतीस तर?"

"मग तुझी अशी जिरली असती का?"

दुरुस्त तक्ता माझ्या नावाने निघाला. त्यानंतर पहिली मेल आली ती कॅलिफोर्नियातल्या एका निवृत्त शिक्षिकेची. तिचा लाल पाठीचा कोळी मीच पूर्वी ओळखून दिला होता, बरोबर. तिने गावच्या लायब्ररीत कोळ्यांचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. मधल्या काळात तो उलटा नकाशा बघून तिने मी दिलेलं नाव खोडलं आणि दुसरं लावलं. उद्घाटनाला कुणा जाणकाराने तिला चारचौघांत खोटं पाडलं. ती घरी येऊन रडली. तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, माफ करा, असं तिने लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, ही चूक तुमच्या लक्षात कधी आली?

मी लिहिलं, 'भाषणाच्या दिवशीच. आधी कळलं असतं तर लगेच सांगितलं असतं.'

आणि खाली माझं नाव घातलं.