पाण्यापुरतं मीठ

पिशोरच्या गोजरबाईचं येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजल्या धान्यांचं मसालेदार पीठ, पंचक्रोशीत गाजलेलं. दुष्काळात विहीर आटली तशी ती शहरात लेकाकडं आली आणि सून अमृतानं तेच येसर पाकिटातून विकायला काढलं. माप एकच, गोजरबाईची मूठ. अमृतानं वजनकाटा आणला तर म्हातारी खेकसली, "काट्याला जीभ असती व्हय?"

कॉलनीत तेव्हा टँकरनं बोअरचं खारं पाणी यायचं. येसर हातोहात खपलं.

मग पाऊस झाला, घरोघर फिल्टर बसले आणि बायका तक्रारी घेऊन आल्या, आमटी अळणी लागते! गोजरबाईनं फिल्टरच्या पाण्यात आमटी करून चाखली. खरंच अळणी. जन्मभर गावच्या खाऱ्या विहिरीवर रांधलं, तिच्या मुठीला मीठ कमीच घालायची सवय.

"आत्या, मीठ वाढवू या का?" अमृतानं सासूला विचारलं.

"कशापायी? पाणी त्यांचं बिघडलं, येसर नाय!"

अमृतानं गुपचूप पाकिटावर छापून घेतलं, 'चवीपुरतं मीठ घाला'. नातीनं ते मोठ्यानं वाचलं आणि गोजरबाई भडकली.

"चवीपुरतं? चव मी घातलीय. पाण्यापुरतं लिही!"