तारेखाली आडवी झालेली काठी

मोघे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या शेतात, माझे यजमान गेल्याच्या पंधराव्या दिवशी. बोअरची लोखंडी पाइप उभी काढताना वरच्या मनोऱ्यांच्या तारांतली वीज त्यांच्या अंगातून गेली होती. पाइप तारेला लावलीच कशी, असे जो तो मलाच विचारत होता. सर वीज खात्यातून निवृत्त होऊन तुंगार्लीला राहत होते. ओळख नसताना, नुसते ऐकून आले. भर दुपारी कोनमापक आणि दोरा घेऊन त्यांनी तारेची उंची काढली, पाइप जमिनीवरच मोजली आणि म्हणाले, "वहिनी, पाइप तारेला लागलेलीच नाही. वीतभर कमी पडते. विजेच्या एवढ्या दाबापुढे मधली हवा टिकत नाही, वीज उडी घेते. त्यांनी अंतर ठेवलं होतं."

या एका वाक्यावर मी सात वर्षे काढली.

पुढे सर मला पुस्तके आणून देऊ लागले. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण माझ्या कुठल्याही प्रश्नाला ते हसले नाहीत. "हवा फुटताना आवाज होतो का?" असे एकदा विचारले. "होतो. पण तो ऐकण्याइतका वेळ त्यांना मिळाला नसावा," सर म्हणाले.

त्यांच्या नोकरीतल्या कामाविषयी या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मला यंदाच्या चैत्रातल्या जत्रेचे सांगायचे आहे. आमच्या देवाची काठी उंच, टोकाला पितळी कळस, आणि ती वाटेत कधी आडवी करत नाहीत. यंदा ती माझ्या मुलाच्या, संदीपच्या हातात होती. मनोऱ्यांच्या तारांखाली मिरवणूक येणार तोच सर रस्त्यात उभे राहिले.

"आबा, काठी आडवी घ्या."

गावचे मानकरी आबा चिडले. "दरसाली जाती, सर. तारंला लागत न्हाई. हातभर खाली ऱ्हाती."

"लागायची गरजच नसते. आणि यंदा ऊन जास्त आहे. उन्हानं तार लांबते, खाली येते."

"तुमाला देवापरास तारंचं भ्या लय!" कोणीतरी ओरडले. लोक हसले. ढोल पुन्हा सुरू झाला. संदीपने एक पाऊल पुढे टाकले.

सर जागचे हलले नाहीत. त्यांनी विचारले, "आबा, देवळाच्या दारातून काठी आत कशी नेता?"

"आडवीच की. दार ठेंगणं हाय."

"मग हेही दारच आहे. फक्त दिसत नाही."

आबांनी वर पाहिले. बराच वेळ पाहत राहिले. मग ढोल थांबवला. "घ्या रं खांद्याव. कळस सांबाळा."

आठ जणांच्या खांद्यावरून काठी तारांखालून गेली. संदीप पलीकडे पोचला तेव्हा सर बांधावर बसले आणि त्यांनी पाणी मागितले. एक तांब्या संपवून त्यांनी दुसरा मागितला.

सरांना आता पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. पुढच्या चैत्रात तार पुन्हा खाली येईल. तेव्हा कोणी न सांगता आम्ही काठी आडवी करावी, आणि सरांनी सावलीत बसून नुसती जत्रा पाहावी.