शांतता गाळून

सोफ्यावर लोळत माझी भाची केतकी नवं ऑडिओ नाटक ऐकत होती. ओसाड अंतराळयान, त्यात एकटीच बाई, आणि ती गप्प झाली की दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास. मी ते कालच ऐकून दचकलो होतो. केतकीने चिवडा चावत चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘अंगावर काटा आला!’ खाली सगळ्यांचे काटेच काटे.

“तो श्वास ऐकलास?” मी विचारलं.

“कुठला? मामा, वेळ वाचवायला या अ‍ॅपमध्ये मधली शांतता आपोआप गाळली जाते. आम्ही सगळे तसंच ऐकतो.”

म्हणजे ही मंडळी भूत गाळून घाबरली होती! भित्र्या माणसाचं मला कौतुक आहे. तो निदान थांबून कान देतो. यांना भ्यायलाही फुरसत नाही.

‘आता महिनाभर झोप नाही,’ असं लिहून केतकीने जांभई दिली आणि भर दुपारी तिथेच घोरू लागली.